मॅडमचं बोट

“गॅस, बंद. खिडकी, बंद. इस्त्री, लावलीच नाही. चावी, हातात. योशी.”

टोकियोत निशी-कसाईला राहायला आलो त्या आठवड्यात रोज सकाळी शेजारच्या दारातून हे ऐकू यायचं. चांगल्या खणखणीत मराठीत, आणि शेवटी तेवढा एक जपानी शब्द. मला वाटलं, बाई नवऱ्याला झापतायत. न राहवून दार किलकिलं केलं. पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई, काळा कोट, पाठीला सॅक, उंबऱ्याबाहेर ताठ उभ्या राहून उघड्या दारातून आत बोट रोखत होत्या. आत कुणी नव्हतं. नवराच काय, कुणीच नव्हतं. बाई एकट्या राहायच्या.

तुमच्यापैकी जपान पाहिलेल्यांना हे बोट ओळखीचं असेल. इथला आगगाडीचा ड्रायव्हर सिग्नल आला की त्याच्याकडे बोट करतो आणि सिग्नल कसा आहे ते मोठ्याने म्हणतो. फलाटावरचा माणूसही दारं बंद झाली की गाडीभर बोट फिरवतो. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर मन भलतीकडे असू शकतं. बोट आणि तोंड कामाला लावलं की मनाला जागेवर यावंच लागतं, असं या लोकांचं म्हणणं. सगळं नीट असेल तर शेवटी ‘योशी’. म्हणजे ठीक आहे, झालं. पण ती माणसं हे गाडीपुरतं करतात हो. आमच्या शेजारीणबाई सोलापूरच्या, आणि त्या हे आख्ख्या आयुष्याला करायच्या.

सोमवारी नव्या ऑफिसात गेले तर तिथेही तेच बोट. टेस्टिंगच्या प्रमुख म्हणून माझ्यासमोर ज्यांना उभं केलं, त्या ह्याच. जपानी लोक त्यांना आडनावापुढे ‘सान’ लावायचे, आम्ही सगळे मराठी मॅडम म्हणायचो. मी ठाण्याची. बोलण्यात हार न जाणारी. पण या बाईंपुढे पहिल्याच आठवड्यात माझी बोलती बंद झाली.

झालं असं, की संध्याकाळी कुणीतरी विचारलं, तुझं काम झालं का, आणि मी सवयीने म्हटलं, हो हो, झालं असेल. आपण म्हणतोच ना असं. पुण्या-मुंबईत ‘होऊन जाईल’वर आख्खे प्रोजेक्ट चालतात. मॅडम खुर्ची फिरवून माझ्याकडे वळल्या.

“बघितलंस?”

“म्हणजे, झालंच असेल, मघाशी तर...”

“दिसलं ते सांग. वाटलं ते तुझ्यापाशी ठेव.”

हे त्या आवाज न चढवता म्हणाल्या, आणि मग मला कॉम्प्युटरसमोर बसवून एकेका ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचायला लावलं. बालवाडीतल्यासारखं. चौथ्या ओळीत चूक निघाली. मला रडू यायचं बाकी होतं. मॅडमनी ड्रॉवरमधून शेंगदाण्याची चटणी लावलेल्या तांदळाच्या वड्या काढून माझ्यापुढे ठेवल्या आणि स्वतःच्या कामाला लागल्या.

हे वाक्य पुढे मी इतक्यांदा ऐकलं की माझी लेकसुद्धा त्यांची नक्कल करायची. आणि ते काही कामापुरतं नव्हतं. आमच्या इथल्या मराठी मंडळात एका बाळाचं बारसं होतं. प्रत्येक जण पाळण्यात डोकावून म्हणत होता, अगदी बाबांवर गेलाय, नाक बघा. मॅडम डोकावल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि बाळाच्या आजीला म्हणाल्या, अजून काही दिसत नाही. आजींचा चेहरा उतरला तो आरती होईपर्यंत तसाच. दुसऱ्या एका घरी श्रीखंड कसं झालंय विचारल्यावर ‘आंबट आहे’ म्हणाल्या. होतं आंबट, पण असं म्हणतं का कुणी? मी प्रत्येक वेळी आ वासून त्यांच्याकडे बघायची. त्यांना बोलावणी कमीकमी यायला लागली, त्याचंही त्यांना काही वाटत नसावं. निदान दिसत तरी नव्हतं.

मला मात्र त्या बोटाची किंमत एकदा कळली ती कायमची.

चार वर्षांपूर्वी मला छातीत गाठ लागली. तपासणी झाली, तुकडा काढून पाठवला, रिपोर्ट यायचा होता. नवरा तेव्हा ओसाकाला. जो तो म्हणत होता, काही नसेल गं. आई फोनवर म्हणाली, सासूबाई म्हणाल्या, ग्रुपवरच्या सगळ्या म्हणाल्या. त्या ‘नसेल’ने माझी भीती रोज वाढायला लागली. रिपोर्टच्या दिवशी मॅडम न विचारता बरोबर आल्या. डॉक्टर बोलत होते आणि मला काही म्हणता काही कळत नव्हतं. माझं जपानी भाजी आणण्यापुरतं, आणि भीतीने तेही पळालेलं. बाहेर बाकावर बसल्यावर मॅडमनी तो कागद मांडीवर घेतला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बोट फिरवत मराठीत वाचला आणि खालच्या एका शब्दावर बोट टेकवून थांबल्या.

“साधी गाठ आहे, असं लिहिलंय. दुसरं काही लिहिलेलं नाही. योशी.”

मी तिथे बाकावर हमसाहमशी रडले. इतक्या जणांनी धीर दिला होता आणि मला एकाचाही खरा वाटला नव्हता. मॅडमनी धीर दिलाच नव्हता, त्यांनी नुसतं वाचलं होतं. ज्या बाई श्रीखंडाला बरं म्हणत नाहीत त्या मला कशाला फसवतील? त्या रात्री मी गाढ झोपले.

आता त्यांना हे बोट कुणी दिलं तेही सांगते, कारण पुढचं सगळं त्या माणसापाशी येतं. मॅडम तरुणपणी जपानात आल्या तेव्हा त्यांचे पहिले साहेब होते एक विभागप्रमुख. विभागप्रमुखाला इथे बुचो म्हणतात. ते निवृत्त होऊन जमाना झाला तरी मॅडमच्या तोंडी ते बुचो-सानच राहिले. सर्व्हर रूममध्ये एक कळ दाबायची तरी आधी बोट दाखवून म्हणायचं, हे त्यांनी मॅडमना शिकवलं. आणि दुसरा नियम शिकवला दोघांनी बघण्याचा. एकाने म्हटलेलं दुसऱ्याने स्वतः वेगळं बघून म्हणायचं, तेव्हाच ते खरं धरायचं. पहिल्याच्या शब्दावर दुसऱ्याने मान डोलवायची नाही.

बुचो-सानना पक्ष्यांचं वेड. इथे ना घर ना दार अशा या परक्या मुलीला ते आणि त्यांची बायको रविवारी समुद्राकाठच्या बागेत पक्षी बघायला न्यायचे. तिथल्या तळ्यावर हिवाळ्यात बदकं उतरतात आणि दर जानेवारीत हौशी माणसं ती मोजतात. मॅडम त्या मोजणीत शिरल्या त्या शिरल्याच. आमच्या ओळखीनंतर त्यांनी मलाही ओढलं. मला काय, लेकीला मोकळी हवा आणि मला गप्पा. मॅडम गप्पा मारायच्या नाहीत, पण ऐकायच्या.

बुचो-सानची एक इच्छा राहिली होती. त्यांना भारतातला एक हंस बघायचा होता. आपल्याकडे त्याला पट्टकदंब म्हणतात. हिमालय ओलांडून हिवाळ्यात आपल्या तलावांवर येतो. मॅडमचे वडील त्यांना लहानपणी सायकलवर पुढे बसवून सोलापूरबाहेरच्या तलावावर हेच हंस दाखवायला न्यायचे. जपानीत त्याचं नावच ‘इंदोगान’ आहे, म्हणजे भारतातला हंस. इथे तो जवळजवळ येतच नाही. निवृत्त झाल्यावर सोलापूरला यायचं असं बुचो-सान आणि त्यांच्या बायकोने ठरवलं होतं. मग बायको आजारी पडली, ती गेली, आणि मग यांचीच फुप्फुसं थकली. प्राणिसंग्रहालयात त्यांनी इंदोगान पाहिला होता, पण म्हणायचे, तो मी धरत नाही. पाळलेला बघणं म्हणजे बघणं नव्हे.

हे मॅडमनी मला आधीच सांगितलेलं होतं. म्हणून तर पुढे जे झालं त्याने माझ्या पायाखालची जमीन सरकली.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. एका रविवारी आम्ही तळ्याच्या कठड्याला उभ्या होतो. पाण्यावर नेहमीची मंडळी, तलवार बदकं, थापटे, सगळी माना पंखात खुपसून झोपलेली. मॅडम डावीकडून उजवीकडे बोट सरकवत मोजत होत्या आणि मध्येच बोट थांबलं.

“हे बदक नाही.”

मला तर करड्या पाठींमध्ये एक करडी पाठ दिसत होती. मॅडम म्हणाल्या, आकार बघ, रंग बघ, फिका आहे. मग कोण आहे, विचारलं तर म्हणाल्या, डोकं दिसेपर्यंत काही म्हणायचं नाही. आणि आम्ही उभ्या. वारा असा की कान गळून पडतील. लेक ‘सामुई, सामुई’ करून माझ्या कोटात शिरली, म्हणजे थंडी वाजतेय. ती वैतागली की जपानीत शिरते. शेवटी एका तलवार बदकाने त्या पाठीला धक्का दिला आणि लांब मान वर आली.

मॅडमचं बोट ताठ झालं. “डोकं, पांढरं. मागे काळे पट्टे, दोन. चोच, पिवळी. टोक, काळं.” आवाज नेहमीचाच. मी तर उड्याच मारल्या. सोलापूरचा पक्षी टोकियोत! पण मॅडमनी योशी म्हटलं नाही. हात खाली घेतला.

“कोणता ते कळलं,” त्या म्हणाल्या. “कुठला ते नाही कळलं.”

मग त्यांनी समजावलं. हा वाट चुकून स्वतः उडत आला असेल तर रानातला. पण कुणीतरी पाळलेला इथे आणून सोडलेलाही असू शकतो. पाळणारे लोक पिल्लू असतानाच एका पंखाचं टोक कापतात, म्हणजे जन्मभर उडायला नको. पंख मिटलेले असताना ते दिसत नाही. तो पंख उघडेल तेव्हाच कळेल.

मी एवढी कुठली थांबायला. फोटो काढला आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकला. जो काय धुमाकूळ झाला म्हणता! ‘आपला पाहुणा आला’, ‘आपल्यासारखाच घर सोडून आलाय बिचारा’, ‘हिमालय ओलांडून भेटायला आला’. कुणी कविता केली. संक्रांतीच्या कार्यक्रमाच्या टी-शर्टवर हंस छापायचं ठरलं. एका काकूंनी त्याला तिळगूळ द्यायची टूम काढली. मॅडमनी वर्षभरात त्या ग्रुपवर एकच निरोप लिहिला असेल तो हा: तिळगूळ माणसांना द्या, पक्ष्याला नको; आणि तो कुठून आला ते अजून कुणी पाहिलेलं नाही.

बुचो-सानना मॅडमनी फोनवर तेवढंच सांगितलं, इंदोगान आहे, पंख बघायचे आहेत. तिकडून म्हणे बराच वेळ नुसता ऑक्सिजनच्या यंत्राचा आवाज येत राहिला. मग ते म्हणाले, पुढच्या रविवारी मुलगी मला गाडीने आणेल. डॉक्टर नको म्हणत होते. मुलगीही नको म्हणत होती. तिनेच मॅडमना वेगळा फोन करून सांगितलं, की आता त्यांचं फार राहिलेलं नाही.

तो आठवडाभर मॅडम ऑफिसच्या आधी पहाटे तळ्यावर जाऊन उभ्या राहायच्या. हंस पोहायचा, झोपायचा, चरायचा. पंख काही उघडायचा नाही. त्यांना काय हवं होतं ते न सांगताही मला दिसत होतं. जन्मात पहिल्यांदा या बाईंना एखादी गोष्ट अमुकच निघावी असं वाटत होतं.

रविवारी सकाळी मी त्यांच्याबरोबर होते. गाडी यायला थोडा अवकाश होता. हंस काठाजवळच्या चिखलात चढला, अंग झटकलं, उंच उभा राहिला आणि त्याने दोन्ही पंख पसरले.

उजवा पंख लांबलचक, काळ्या टोकाचा. डावा अर्ध्यावर संपलेला. मनगटापासून हात नसलेल्या माणसासारखा. मलासुद्धा साध्या डोळ्यांनी दिसलं. मॅडमनी बोट उचललंच नाही. हंसाने पंख मिटले आणि पुन्हा पाण्यात उतरला, पुन्हा देखणा, अखंड.

“आता?” मी विचारलं.

तेवढ्यात मागून चाकाच्या खुर्चीचा आवाज आला. मुलीने ब्लँकेटमध्ये गुंडाळलेले बुचो-सान आणून सोडले, आम्हाला वाकून नमस्कार केला आणि गरम चहाच्या बाटल्या आणायला नाणी टाकायच्या यंत्राकडे गेली. एवढासा जीव झालेला. नाकात नळी, डोक्यावर विणलेली टोपी. मॅडमनी तिपाईवरच्या मोठ्या दुर्बिणीचे पाय आखडून ती त्यांच्या डोळ्याच्या उंचीला आणली. ते बघत राहिले. पांढरं डोकं, दोन पट्टे, ते जपानीत एकेक पुटपुटत होते. आमच्याकडे मूल पहिल्यांदा अक्षर लावतं तसं. बराच वेळ गेला. मग दुर्बिणीवरून डोळा न काढता त्यांनी विचारलं,

“पंख बघितलेत?”

मॅडम ताठ उभ्या राहिल्या. हात सरळ पुढे, बोट हंसावर. सर्व्हर रूममध्ये म्हणत असतील तशा स्पष्ट आवाजात जपानीत म्हणाल्या,

“उजवा पंख, पूर्ण. डावा पंख,” इथे एक श्वास थांबल्या, “पूर्ण. योशी.”

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. बाळाच्या नाकाबद्दल आजीचं मन न राखणारी ही बाई, आणि तिने बोट रोखून, मोठ्याने, न दिसलेलं दिसलं म्हणून सांगितलं!

बुचो-सान दुर्बिणीपासून मागे झाले. त्यांनी मॅडमकडे पाहिलं आणि मग सावकाश माझ्याकडे मान वळवली.

“तुम्हीही बघितलंत?”

दोघांनी बघायचा नियम. हो म्हणू की नाही म्हणू, काय म्हणू, आणि मी तोंड उघडणार तेवढ्यात मॅडम मध्ये आल्या. अक्षरशः माझ्या आणि खुर्चीच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या.

“तिला विचारू नका,” त्या म्हणाल्या. “हे माझं एकटीचं बघणं आहे.”

बुचो-सान त्यांच्याकडे पाहत राहिले. यंत्र फुसफुसत होतं. मला वाटलं, आता हे रागावणार. पण ते हसले. आवाज नाही आला, नुसते खांदे हलले.

“अच्छा. मग नोंद नको करायला,” ते म्हणाले. “बघितला, तेवढं पुरे झालं.”

आणि ब्लँकेटमधून एक हात बाहेर काढला. हाडांवर नुसती कातडी. बोट हंसाकडे वळवून म्हणाले, “इंदोगान. योशी.”

त्यांना कळलं होतं का? मला तर वाटतं... पण जाऊ दे. वाटलं ते माझ्यापाशी ठेवायचं, असं मला शिकवलेलं आहे.

त्यांची गाडी नजरेआड झाल्याबरोबर मॅडमनी बागेच्या ऑफिसात जाऊन सांगितलं, हंसाचा डावा पंख कापलेला आहे, तो पाळलेला आहे, मोजणीत धरू नका, आणि हिवाळा संपायच्या आत पकडून नीट ठिकाणी ठेवा, नाहीतर मांजरं खातील. सगळं खरं खरं सांगितलं. त्याला पुढे जाळं टाकून पकडलं आणि एका प्राणिसंग्रहालयात नेलं. मंडळात सुतकी कळा पसरली. टी-शर्ट छापून झाले होते. मॅडमना जरा गप्प बसता आलं नाही का, असं मलाच कितीजणींनी ऐकवलं. मी काय बोलणार? गप्प बसणं राहू दे, त्यांनी काय केलं होतं ते मला एकटीला माहीत होतं.

आणि त्याच संध्याकाळी, सिंकपाशी भांडी घासताना, माझ्या मनात नको ते आलं. मायेपोटी या बाई बोट रोखून खोटं बोलू शकतात. मग बाकावर बसून वाचलेला तो माझा रिपोर्ट? माझे हात साबणात तसेच राहिले. अहो, चार वर्षं झाली होती, मी ठणठणीत होते, रोज जिने चढत होते. तरी आलं मनात. माझी मलाच शरम वाटली, पण आलेलं काही जाईना.

सोमवारी ऑफिसात दुसरा धक्का. कुठलंही काम बाहेर जायच्या आधी शेवटची मंजुरी मॅडमची असायची. त्यांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, यापुढे माझी मंजुरी धरू नका, दुसरं माणूस नेमा. साहेबांना वाटलं तब्येत बरी नाही. कुणी विचारलं, कुणाशी वाजलं का? मॅडमनी कारण दिलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या दारातून गॅस ऐकू आला नाही, खिडकी ऐकू आली नाही. नुसतं कुलूप फिरल्याचा आवाज आला.

संध्याकाळी मी वरण-भाताचा डबा घेऊन त्यांच्या घरी गेले आणि सरळ भांडायलाच लागले. अहो, मरायला टेकलेल्या माणसाला आनंद दिलात, त्यात काय एवढं आभाळ कोसळलं? नोंद तर खरीच दिलीत ना?

“नोंदीसाठी बोट नसतं,” मॅडम म्हणाल्या. “शेजारी उभ्या असलेल्यासाठी असतं.” मग माझ्याकडे बघून शांतपणे विचारलं, “परवा तुला तुझा रिपोर्ट आठवला ना?”

मी खुर्चीत बसले. नाही म्हणायला हवं होतं, पण त्यांच्यासमोर मला ते कधी जमलं नाही.

“तो खरा होता,” त्या म्हणाल्या. “पण आता हे मी म्हणतेय, त्याला काय अर्थ? दुसऱ्या कुणाकडून वाचून घे.”

“पण का म्हणालात तुम्ही तसं?”

“त्यांनी विचारलं तेव्हा मी त्यांच्याकडे बघत होते. बोट हंसावर होतं, आणि बघत त्यांच्याकडे होते.”

“पश्चात्ताप होतोय?”

“नाही,” त्या म्हणाल्या. “त्यांनी पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच म्हणेन. म्हणून तर मंजुरी नको.”

मग डब्याचं झाकण काढलं आणि वरण-भात जेवल्या. मीठ कमी आहे म्हणाल्या. मी उठून त्यांच्या गळ्यात पडले. त्यांना असल्या गोष्टींची सवय नव्हती, त्यामुळे चमचा हातात धरून तशाच बसून राहिल्या.

बुचो-सान महिनाभरात गेले. अंत्यविधीला मॅडमबरोबर मी गेले होते. त्यांची मुलगी म्हणाली, शेवटी शेवटी बाबा औषधं देणाऱ्या नर्सेसना सांगायचे, मी इंदोगान पाहिलाय. मॅडम खाली बघून उभ्या होत्या. चेरीला बहर आला तोवर त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला, घर रिकामं केलं आणि सोलापूरला परत गेल्या. विमानतळावर मी सोडायला गेले. रांगेत उभ्या असताना त्यांनी पासपोर्ट पिशवीतून काढून पाहिला, आत ठेवला, पुन्हा काढून पाहिला. बोट नाही, आवाज नाही. जगातल्या इतर बावरलेल्या बायांसारख्या. मला ते बघवेना. मीच बोट लांब करून मोठ्याने म्हटलं, पासपोर्ट, आहे, तिकीट, आहे. आजूबाजूचे जपानी वळून बघायला लागले. मॅडमनी माझं बोट हातात धरून खाली केलं, जरा वेळ धरून ठेवलं, आणि आत गेल्या.

आता शेजारी एक नवं जोडपं राहतं. सकाळी त्यांच्या दारातून काही ऐकू येत नाही. आवाज येतो तो आमच्या दारातून. लेक शाळेला निघून गेली की मी उंबऱ्याबाहेर उभी राहते. गॅस, बंद. खिडकी, बंद. चावी, हातात. मग बोट कपाटाकडे जातं. खालच्या खणात तो रिपोर्ट आहे. ऑफिसातल्या कुठल्याही जपानी मुलीने तो दोन मिनिटांत वाचून दिला असता. तेही कशाला, फोन नुसता वर धरला तरी मराठी करून देतो. मी धरलेला नाही, आणि कुणाला दाखवलेलाही नाही.

रिपोर्ट, मॅडमनी वाचलाय. योशी.